भाड्याच्या घरात पाइप फुटून झालेले नुकसान: भरपाई कोणी द्यायची?

सिंहगडरस्ता यांचा प्रश्न:

आम्ही पुण्यात एका अकरा मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर लिव्ह अँड लायसन्स करारावर (भाडेपट्टा नव्हे, ठरावीक मुदतीसाठी राहण्याची परवानगी) राहतो. करार अकरा महिन्यांचा असून रीतसर नोंदवलेला आहे. भाडे दरमहा २४,००० रुपये आहे आणि अनामत म्हणून ७५,००० रुपये आम्ही घरमालकांकडे ठेवलेले आहेत. दिवाळीत आम्ही साताऱ्याला गावी गेलो असताना स्वयंपाकघरातील सिंकखालचा कनेक्शन पाइप रात्री फुटला. पहाटे खालच्या शेजाऱ्यांच्या छतातून पाणी गळू लागल्यावर वॉचमनने गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद केला. तोपर्यंत ओट्याखालची कपाटे, बेडरूममधील लॅमिनेटची फरशी आणि शेजाऱ्यांच्या दिवाणखान्यातील पीओपीचे छत, असे तिहेरी नुकसान झालेले होते.

घरमालकांनी आता हिशेब पाठवला आहे. ओट्याखालची कपाटे नव्याने करण्यासाठी ८५,०००, फरशीसाठी ४०,००० आणि शेजाऱ्यांच्या छतासाठी ३०,००० असे एकूण १,५५,००० रुपये होतात. अनामत वळती करून उरलेले ८०,००० आम्ही द्यावेत, असे त्यांचे म्हणणे आहे. "घर तुमच्या ताब्यात होते आणि जाताना तुम्ही मेन कॉक बंद केला नाही," एवढेच कारण ते देतात.

दोन गोष्टी सांगणे आवश्यक वाटते. पहिली म्हणजे, सप्टेंबरमध्येच याच पाइपच्या नटातून थेंब थेंब पाणी येत असल्याचे आणि पाइपवरची तारेची जाळी गंजल्याचे छायाचित्र मी त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले होते. त्यावर "प्लंबरला सांगतो, तोवर खाली भांडं ठेवा" असे उत्तर आले आणि प्लंबर काही आला नाही. दुसरी म्हणजे, करारात "दैनंदिन किरकोळ दुरुस्त्या राहणाऱ्याने स्वखर्चाने कराव्यात, मोठ्या दुरुस्त्या मालकाने कराव्यात" असे एकच वाक्य आहे. कनेक्शन पाइप यांपैकी कशात मोडतो? शेजाऱ्यांची भरपाई आमच्याकडून मागता येते का? आणि करार संपायला दोन महिने उरले असल्याने ते भाडे न देता अनामतीतून वळते करून घेतले, तर चालेल का?

---

काळाकोट यांचे उत्तर:

आपल्या प्रश्नाचे उत्तर "घर कोणाच्या ताब्यात होते" यावर ठरत नाही. पाणी नेमके कशामुळे आले, तो दोष कोणाला आधी माहीत होता आणि तो दूर करणे कोणाचे काम होते, यावर ते ठरते. घरमालकांच्या हिशेबात या तीनही प्रश्नांचा उल्लेख नाही, फक्त रकमा आहेत. म्हणून कारण लेखी ठरण्यापूर्वी कोणतीही रक्कम मान्य करू नये, तोंडी तर नाहीच.

कायद्याविषयी एक गैरसमज सर्रास दिसतो, तो आधी दूर करतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार, विरुद्ध करार नसेल तर घर राहण्याजोगे दुरुस्त ठेवणे मालकावर बंधनकारक आहे. किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही वाजवी मुदतीत त्याने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून कापून घेऊ शकतो. मात्र ही कपात त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त असू शकत नाही. समाजमाध्यमांवर हे कलम सर्वांना सरसकट लागू असल्यासारखे फिरते. परंतु ते भाडेकरूसाठी आहे, आणि आजच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर राहणारी व्यक्ती त्या कायद्याच्या अर्थाने भाडेकरू ठरत नाही. तेव्हा आपण या कलमावर विसंबून भाडे कापू नये.

आपले नाते मुख्यतः करार आणि भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ यांवर उभे आहे. त्याच्या कलम ५७ प्रमाणे, जागेतील धोकादायक दोष मालकाला माहीत असेल आणि राहणाऱ्याला नसेल, तर तो उघड करणे मालकाचे कर्तव्य आहे. येथे दोष आपल्यालाही माहीत होता, किंबहुना आपणच तो दाखवून दिला, त्यामुळे हे कलमही आपल्या फारसे उपयोगाचे नाही. उपयोगाचा आहे तो सप्टेंबरमधील संदेश. त्या उत्तराने घरमालकांनी दोन गोष्टी मान्य केल्या आहेत: दोष आहे, आणि प्लंबर बोलावणे हे त्यांचे काम आहे. ही दुरुस्ती "किरकोळ" असून आपण करायची होती, असे त्यांना वाटत असते, तर ते त्याच वेळी म्हणता आले असते. कराराचे वाक्य संदिग्ध असते तेव्हा पक्षकार प्रत्यक्षात कसे वागले याला महत्त्व येते.

हाच संदेश काही प्रमाणात आपल्यावरही उलटू शकतो, हे सांगायला हवे. पाइप गळतो हे ठाऊक असताना आपण घर बंद करून गेलात आणि कॉक उघडा राहिला, असे मालकांचे वकील म्हणतील. म्हणून शंभर टक्के जबाबदारी मालकांची, असे मी म्हणणार नाही. माझ्या अंदाजाने मोठा वाटा त्यांचा आणि लहान वाटा आपला, अशी विभागणी न्याय्य ठरेल.

रकमांविषयीही आक्षेप घ्यायला जागा आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७३ खाली भरपाई झालेल्या नुकसानीची मिळते. जुन्याच्या जागी नवे घेण्याचा पूर्ण खर्च त्यात धरता येत नाही. कपाटे किती वर्षांची होती, हे विचारा.

---

गृहरचना_सचिव यांचे उत्तर:

आमच्या सोसायटीत अशी प्रकरणे दर पावसाळ्यात येतात आणि दरवेळी पहिले पंधरा दिवस चुकीच्या दारात भांडण्यात जातात.

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार (नमुना नियमांनुसार) पावसाच्या पाण्याची गळती आणि बाहेरच्या सामाईक जलवाहिनीची किंवा ड्रेनेजची गळती यांची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने होते. शौचालय, सिंक वगैरेंमुळे होणाऱ्या अंतर्गत गळतीचा खर्च संबंधित सदनिकाधारकांनी करायचा असतो आणि सोसायटीने त्यात समन्वय साधायचा असतो. आपला पाइप सदनिकेच्या आत फुटला, त्यामुळे सोसायटीकडे बोट दाखवता येणार नाही. मात्र सोसायटीचा सभासद घरमालक आहे, आपण नाही. त्यामुळे खालच्या शेजाऱ्यांनी पत्र लिहायचे ते सोसायटीला आणि आपल्या घरमालकांना. घरमालकांना ती रक्कम आपल्याकडून वसूल करता येते का, हा त्या दोघांच्या व्यवहारानंतरचा वेगळा विषय आहे. शेजाऱ्यांनी जिन्यात गाठून आपल्याकडे पैसे मागितले, तर नम्रपणे एवढेच सांगावे.

सचिवांना आजच पत्र देऊन दोन्ही सदनिकांची पाहणी करायला लावा आणि पाहणीची लेखी नोंद मागा. वॉचमनने व्हॉल्व्ह किती वाजता बंद केला, हे त्याच्या नोंदवहीत असेल, त्या पानाचेही छायाचित्र घ्या. ओल वाळली की छायाचित्रांत काही दिसत नाही, आणि मग प्रत्येकाची आठवण आपापल्या सोयीची होते.

---

ओलमोड यांचे उत्तर:

मी स्थापत्य अभियंता असून गळतीची कामे करतो. कायद्याचे बोलणे जाणकारांनी केले आहे. मी पाइपविषयी लिहितो, कारण या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा पुरावा तो दीड फुटाचा तुकडा आहे आणि बहुतेक वेळा नवा पाइप बसवणारा प्लंबरच तो कचऱ्यात टाकून मोकळा होतो. तो आपल्याजवळ आहे का? असल्यास पिशवीत घालून ठेवा आणि कोणाकडेही सोपवू नका.

सिंकखालच्या लवचीक पाइपमध्ये आत रबराची नळी असते आणि तिच्यावर स्टेनलेस स्टीलच्या तारेची वीण. पाण्याचा दाब प्रत्यक्षात ही वीणच पेलत असते. वीण एका जागी गंजून तुटली की रबर तिथून फुग्यासारखे बाहेर येते आणि फाटते. दुसरा प्रकार नट तडकण्याचा. स्वस्त पाइपांचे नट प्लास्टिकचे असतात आणि जास्त आवळले की त्यांना बारीक चीर जाते, जी काही महिन्यांनी पूर्ण फाकते. तेव्हा तुकडा हातात घेऊन आधी पाहायचे की तो मधोमध फाटला आहे की टोकाशी. मधोमध फाटला असेल आणि भोवती तांबूस ठिपके असतील, तर ते गंजाचे काम आहे. ते एका रात्रीत होत नाही, आणि आपल्या सप्टेंबरच्या छायाचित्राशी ते जुळते.

एक अडचणीचा प्रश्न विचारून ठेवतो, कारण समोरचा अभियंता तो विचारेलच. सिंकखाली आपण ब्लीच किंवा संडास धुण्याचे अ‍ॅसिड ठेवत होता का? त्यांच्या वाफांतील क्लोराइडने स्टेनलेस स्टीलची वीणही झिजते. सैल झाकणाची एखादी बाटली त्या बंद कपाटात वर्षभर राहिली, तर चांगला पाइपही खराब होतो. तसे असेल तर "पाइप जुना होता" हा युक्तिवाद थोडा लंगडा पडेल.

रात्रीच का फुटला, याचेही कारण आहे. टाकी अकराव्या मजल्यावर आणि आपण तिसऱ्यावर, म्हणजे डोक्यावर साधारण आठ मजल्यांचे, २४ मीटरच्या आसपास पाणी उभे. वाटेत दाब कमी करणारा व्हॉल्व्ह नसेल, तर तो दाब २.४ बारच्या जवळ जातो. दिवसा सगळे नळ चालू असताना तो थोडा उतरतो, रात्री पूर्ण चढतो. आपल्या स्टॅकमध्ये (एकाखालच्या एक सदनिकांना पाणी देणाऱ्या उभ्या पाइपमध्ये) असा व्हॉल्व्ह बसवलेला आहे का, हे सचिवांना जरूर विचारा. तो असून बिघडलेला निघाला, तर सोसायटीही या हिशेबात येते.

कपाटांबद्दल. ती पार्टिकल बोर्डची आहेत, एमडीएफची आहेत की प्लायची, हे तळाची पट्टी काढून कडेने पाहिल्यास लगेच कळते. आयएस ७१० या भारतीय मानकाच्या प्रतीचे मरीन प्लाय एका रात्रीच्या पाण्याने फुगत नाही, पुसून वाळवले की पुष्कळदा वाचते. पार्टिकल बोर्ड फुगतो आणि परत बसत नाही. पण तो सिंकखालच्या रोजच्या ओलाव्यानेही हळूहळू फुगतच असतो, म्हणजे पाइप फुटण्याआधीची त्याची किंमत काही ८५,००० नव्हती. शिवाय पाणी खाली साचते. वरची कपाटे, शटरचा वरचा भाग आणि ग्रॅनाइट यांना काही झालेले नसताना संपूर्ण ओटा नव्याने करण्याचा खर्च कशासाठी मागितला जातो, हे मला समजले नाही.

शेजाऱ्यांचे छत पूर्ण वाळल्याशिवाय रंगवू देऊ नका. स्लॅबमध्ये मुरलेले पाणी बाहेर पडायला काही आठवडे लागतात. घाईने रंग मारला तर दोन महिन्यांत पोपडे येतील आणि तोच खर्च दुसऱ्यांदा आपल्या नावावर लिहिला जाईल.

---

नाशिकचा_मालक यांचे उत्तर:

येथे सगळे राहणाऱ्याच्या बाजूने बोलत आहेत, म्हणून मालकाची बाजू मांडतो. माझे दोन फ्लॅट भाड्याने दिलेले आहेत. नळाचा वॉशर गेला, फ्लशची साखळी तुटली, अँगल कॉक (भिंतीतून बाहेर येणाऱ्या जोडणीवरचा छोटा कॉक) घट्ट झाला, या प्रत्येक गोष्टीसाठी मालकाला फोन करणारे राहणारेही मी पाहिले आहेत आणि सहा महिने भिंतीत ओल मुरत असताना एका शब्दाने न कळवणारेही. दीड-दोनशे रुपयांचा पाइप बदलण्यासाठी मालकाच्या परवानगीची वाट पाहत बसण्याची गरज नव्हती, असे मला प्रामाणिकपणे वाटते. प्लंबर आणून बदलला असता आणि बिल पाठवले असते, तर कोणता मालक नाही म्हणाला असता?

केंद्र सरकारने २०२१ मध्ये जो आदर्श भाडेकरू कायदा मंजूर केला, त्याच्या अनुसूचीत कामांची वाटणी दिलेली आहे. नळ आणि वॉशर बदलणे, ड्रेनेज साफ करणे, वॉश बेसिन आणि गिझर यांची दुरुस्ती ही कामे राहणाऱ्याकडे, तर इमारतीच्या मूळ बांधणीची दुरुस्ती, रंगकाम आणि गरजेनुसार नळाचे पाइप बदलणे ही कामे मालकाकडे. महाराष्ट्राने तो कायदा स्वीकारलेला नाही, त्यामुळे तो येथे बंधनकारक नाही, पण वाटणीचा अंदाज घ्यायला बरा आहे. कनेक्शन पाइप मात्र नेमका दोन्हींच्या मध्ये पडतो, आणि त्यामुळेच माझ्या करारात मी तो नाव घेऊन लिहितो: भिंतीच्या आतले सगळे माझे, अँगल कॉकच्या पुढचे सगळे राहणाऱ्याचे. तीन दिवसांपेक्षा जास्त घर बंद राहणार असेल तर मेन कॉक बंद करावा, हेही लिहिलेले असते. आपल्या मालकांनी हे लिहिले नव्हते, हे त्यांचे दुर्दैव. न लिहिलेली अट नुकसान झाल्यावर सांगता येत नाही, एवढे मी मालक असूनही मान्य करतो. आणि लेखी कळवल्यावर "भांडं ठेवा" असे उत्तर मी तरी दिले नसते.

---

सिंहगडरस्ता:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पाइपचा तुकडा सुदैवाने आमच्याकडेच आहे. तो मधोमध फाटलेला आहे आणि फाटलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना बोटभर लांबीपर्यंत जाळी तांबूस झालेली आहे. सिंकखाली आम्ही फक्त भांड्यांचा साबण आणि कचऱ्याचा डबा ठेवत होतो, आणि सप्टेंबरच्या छायाचित्रात ते तसेच दिसते. कपाटे पार्टिकल बोर्डची निघाली. शेजाऱ्यांच्या म्हणण्याप्रमाणे इमारत झाली तेव्हाच, म्हणजे २०१४ च्या सुमारास, ती बसवलेली आहेत. सचिवांनी पाहणीची नोंद दिली असून दाबाचा व्हॉल्व्ह आमच्या बाजूला बसवलेलाच नाही, असे त्यात लिहिले आहे.

नाशिकच्या सद्गृहस्थांचा मुद्दा मान्य आहे, परंतु आमच्या करारात "मालकाच्या लेखी परवानगीशिवाय नळजोडणीत फेरफार करू नये" अशीही एक अट आहे, म्हणून आम्ही हात लावला नाही. शेवटच्या दोन महिन्यांच्या भाड्याविषयी आणि शेजाऱ्यांविषयी अजून मार्गदर्शन हवे आहे.

---

काळाकोट:

फेरफाराची अट महत्त्वाची आहे आणि ती पहिल्यांदाच सांगायला हवी होती. जुना पाइप काढून तसाच नवा बसवणे म्हणजे फेरफार नव्हे, असा प्रतिवाद होईल. परंतु मालकांनी स्वतःच प्लंबर पाठवण्याचे सांगितलेले असल्यामुळे आपण वाट पाहणे अवाजवी ठरत नाही.

शेजाऱ्यांचा दावा नुकसानभरपाईच्या सामान्य तत्त्वांवर चालेल. वरच्या मजल्यावरून पाणी आले एवढ्याने तिथे राहणारा आपोआप जबाबदार होत नाही, त्याचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो. घरगुती नळाचे पाणी हा घराचा नेहमीचा वापर आहे आणि त्यासाठी निष्काळजीपणाशिवायची कडक जबाबदारी लागू होत नाही, हे प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश साम्राज्यातील तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने) १९१३ साली ऑस्ट्रेलियातील एका प्रकरणात सांगितले. तिथे कोणीतरी मुद्दाम बेसिन तुंबवून नळ उघडा ठेवला होता आणि खालच्या मजल्यावरील दुकानदाराचा माल भिजला होता. आपल्याकडील वकीलही या प्रकरणाचा आधार घेतात. येथे निष्काळजीपणा असेल तर तो प्रामुख्याने कळवूनही पाइप न बदलण्याचा आहे.

भाड्याविषयी मात्र सावध राहा. शेवटचे दोन महिने अनामतीतून वळते करण्याची पद्धत रूढ असली, तरी आपल्या करारात तशी तरतूद नसेल तर ते भाडे थकवणे ठरते आणि आज आपली बाजू जेवढी स्वच्छ आहे तेवढी ती राहत नाही. भाडे बँकेतून, तारखेला आणि "हक्क राखून" असे कळवून द्या. त्याहून मोठी चूक म्हणजे अनामत मिळेपर्यंत घर न सोडणे. १९९९ च्या कायद्याचे कलम २४ लिव्ह अँड लायसन्सला थेट लागू आहे. मुदत संपल्यावर ताबा दिला नाही, तर ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. दरमहा ४८,००० या दराने आपली संपूर्ण अनामत दोन महिन्यांच्या आत संपेल. त्याच कलमाच्या स्पष्टीकरणानुसार लेखी करारात नमूद केलेल्या गोष्टींना तो करारच निर्णायक पुरावा मानला जातो, तेव्हा मुदतीच्या तारखेवर वाद घालता येणार नाही.

पत्र नोंदणीकृत स्पीड पोस्टाने पाठवा आणि ईमेलवरही. त्यात पाइपचे छायाचित्र, सप्टेंबरचा संदेश, सचिवांची नोंद आणि प्रत्येक वस्तूचे वय मागणारा प्रश्न असावा. धमकी नसावी. मी आपल्या जागी असतो तर वादाशिवाय मिटवण्यासाठी, कोणतीही जबाबदारी मान्य न करता, फरशीच्या घसारा वजा जाता उरणाऱ्या किमतीतील काही हिस्सा देऊ केला असता, कारण मेन कॉक बंद असता तर फरशी वाचली असती. कपाटे बारा-एक वर्षांची आणि पार्टिकल बोर्डची असतील, तर त्यांचे फारसे काही देणे लागत नाही. अनामत परत मिळण्यासाठी दावा लावायची वेळ आलीच, तर ती देय झाल्यापासून तीन वर्षांची मुदत असते, त्यामुळे घाईने वाईट तडजोड करण्याचे कारण नाही.

---

ओलमोड:

एक राहून गेले. घरमालकांनी किंवा शेजाऱ्यांनी घराचा विमा काढला आहे का, हे विचारा. २०२१ पासून सर्व सामान्य विमा कंपन्यांकडे मिळणाऱ्या "भारत गृह रक्षा" या प्रमाणित पॉलिसीत पाण्याच्या टाक्या, उपकरणे आणि पाइप फुटून किंवा भरून वाहिल्याने होणारे नुकसान समाविष्ट आहे. हळूहळू मुरणारी ओल मात्र त्यात बसत नाही, म्हणून विमा कंपनीच्या सर्वेक्षकाला "एका रात्रीत फुटला" हे दाखवावे लागते. तिथेही तोच पाइपचा तुकडा लागेल. विमा कंपनीला लगेच कळवावे लागते आणि सर्वेक्षक येण्याआधी छत तोडून टाकले तर दावा अडकतो, तेव्हा शेजाऱ्यांच्या कानावर हे आजच घाला.

---

सिंहगडरस्ता:

शेजाऱ्यांकडे अशी पॉलिसी आहे. गृहकर्ज घेताना बँकेने काढायला लावली होती आणि ते विसरूनही गेले होते. सर्वेक्षक सोमवारी येत आहेत आणि पाइप पाहण्यासाठी आमच्याकडेही येतील. घरमालकांना स्पीड पोस्टाने पत्र आज पाठवले आहे. उत्तर आले की येथे कळवतो.